वसुधाची बादली

माधवचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये गाडीत पिशव्या ठेवत होते. "वसुधा गेली," तो म्हणाला. "काल सकाळी. तुला बोलवायचं नाही असं तिनं बजावून ठेवलं होतं, म्हणून आधी कळवलं नाही." मी 'बरं' म्हटलं. जिच्याबरोबर मी इतक्या वर्षांत इतक्या खाड्यांचे तळ पाहिले, त्या बाईच्या मरणाच्या बातमीवर माझ्या तोंडून 'बरं' एवढंच निघालं. घरी येऊन मी दूध फ्रिजमध्ये ठेवलं, भाजी निवडली. रडू आलं नाही. राग मात्र आला, आणि तो बरेच दिवस उतरला नाही.

वसुधा माधवची बायको, ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आठवडाभर लोकांना गुंगी द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी उरलेल्यांना शुद्धीवर आणायचं, असा तिचा एकंदर कार्यक्रम होता. डायव्हिंगची ती रीतसर प्रशिक्षक होती. शहराच्या पश्चिमेला समुद्राचं पाणी डोंगरांमध्ये खोल शिरून 'लॉख' म्हणतात त्या खाड्या झालेल्या आहेत, तिथे ती बुडी मारायला जायची. ते पाणी काळपट हिरवं, आणि हिवाळ्यात असं गार की पहिल्यांदा तोंड आत घातलं की कपाळात सणक जाते. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हौस असेल त्यांना ती आनंदाने बरोबर न्यायची. गेलेले बहुतेक पुन्हा यायचे नाहीत. त्यात पाण्याचा दोष कमी आणि वसुधाचा जास्त.

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचे एक आयटीवाले गृहस्थ एकदा बायकोसह ग्लासगोला आले होते. थायलंडला डायव्हिंग केलेलं, त्यामुळे स्वतःचा वेटसूट घेऊनच आले. वसुधाने तो दोन बोटांत धरून पाहिला. "वेटसूटमध्ये पाणी आत येतं," ती म्हणाली. "तुमचं अंग ते तापवतं, आणि मग तेच तुमचं पांघरूण. थायलंडला छान आहे. इथे पांघरूण तापेपर्यंत तुम्ही गार व्हाल." गृहस्थ हसले, म्हणाले, मी तसा टफ आहे. मग वसुधाने गाडीतून बादली आणली. घरच्या बाथरूममधली, रोज आंघोळीला वापरायची ती निळी बादली. लॉखचं पाणी तिने त्यात भरलं. बादलीच्या कडीला डायव्हिंगचं सामान अडकवायची एक क्लिप दोरीने बांधलेली होती. वसुधाचा चहा पिऊन होईस्तोवर हात पाण्यात ठेवायचा, आणि मग त्याच हाताने क्लिप उघडून परत लावायची. जमलं तर पाण्यात, नाही तर घरी.

चहा संपला. गृहस्थांची बोटं क्लिपवरून नुसतीच घसरत राहिली. "पण ग्लव्ह्ज असतात ना?" ते म्हणाले. "ग्लव्ह फाटतो," वसुधा म्हणाली, आणि त्यांच्या बायकोकडे वळली. "वहिनी, नीट बघून ठेवा. खाली काही झालं असतं तर हेच हात यांना वाचवणार होते." बाई हसल्या. गृहस्थांनी सूट गाडीत टाकला. मी नंतर तिला म्हटलं, अगं, जरा गोड बोलून सांगायचं. तर म्हणाली, "गोड बोलून सांगितलेलं लोक विसरतात."

माझीही तिने तशीच लाज काढली होती. पाणी आत येऊ न देणारा ड्रायसूट घ्यायला गेलो तेव्हा मी आपल्या घरच्या सवयीने एक माप मोठं मागितलं. वयाप्रमाणे अंग सुटेल, उगाच परत खर्च नको. दुकानातल्या स्कॉटिश पोरीला काही कळलं नाही, पण वसुधाला कळलं. "शाळेचा युनिफॉर्म आहे का हा, वाढत्या अंगाचा घ्यायला?" ती म्हणाली. "सैल सूटमध्ये हवा पायांकडे धावते. माणूस उलटा होतो आणि पाय वर करून, थांबता न येता वरती येतो. फुफ्फुसं फाटतात. तुझ्या घरच्यांना मी काय सांगू, काटकसरीत गेली?" मानेचं रबरी सील घट्टच हवं, मनगटांची सीलं घट्टच हवीत, गुदमरल्यासारखं वाटलं तरी चालेल. पहिल्या बुडीला मी सुटाच्या आत सुती बनियन घालून गेले होते. अंगाला लागून सुतीच हवं, हे आईने लहानपणी डोक्यात बसवलेलं. सुती कापड घाम पितं आणि मग बर्फ होतं. वसुधाने मला भर वाऱ्यात, टॉवेलच्या आडोशाला तो बनियन काढायला लावला आणि कचऱ्यात फेकला. मला त्या दिवशी तिचा फार राग आला होता. पण मी पुन्हा गेले, आणि जातच राहिले, कारण पाण्याखाली ती कधीही माझ्यापासून हातभराच्या पुढे गेली नाही.

मग तिला आतड्याचा कॅन्सर झाला. केमोच्या औषधाने बोटं बधिर झाली, आणि गार वस्तूला हात लागला की सुया टोचाव्यात तसं व्हायचं. फ्रिजमधून दूध काढायलाही तिला हातमोजे लागायचे. ज्या बाईने सगळ्यांच्या हातांची परीक्षा घेतली तिचेच हात गेले... याहून दुष्टपणा कुणी ठरवूनही केला नसता.

उपचार थांबले तेव्हा तिने शेवटची एक बुडी मागितली. जोडीदार म्हणून मीच हवी. आम्ही तिघं लॉखवर गेलो. मी तिला सूट चढवला आणि मानेच्या सीलमध्ये बोटं घालून पाहिली. सहज गेली. मान तेवढी उरलीच नव्हती. ती म्हणाली, "वरून टेप लावू." तिच्याच विद्यार्थ्याने असं म्हटलं असतं तर तिने त्याला पायी घरी धाडलं असतं. मी गाडीतून बादली काढली.

माधव म्हणाला, "अगं, जाऊ दे ना एकदा. आता काय बिघडणार आहे?" वसुधाने हात पाण्यात घातला. तिचा चेहरा मी पाहिला, तो सांगत नाही. चहा कुणीच घेत नव्हतं, तेव्हा वेळ मीच ठरवली. क्लिप तिला नुसती धरताही आली नाही. ती म्हणाली, "फक्त पाच मिनिटं. प्लीज." इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हटलं, "मरायचं असेल तर घरी मर. माझ्या हातात नको." ती म्हणाली, "शिकलीस," आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही. मी दाराशी गेले तर माधव बाहेरच उभा राहून म्हणायचा, आज नको. मी बरोबर होते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. त्याचा उपयोग काही नाही.

परवा माधवने बोलावलं. सामान आवरायला मदत हवी होती. बाथरूममध्ये तिचा सूट पाय वर करून टांगलेला होता. माधवला पोहता येत नाही, पण रबर चिकटू नये म्हणून तो अजून दर रविवारी सीलांना टाल्कम पावडर लावतो. खाली ती निळी बादली होती, कडीला क्लिप तशीच. मी म्हटलं, ही तरी टाकून द्यायची.

"रोज मागवायची," माधव म्हणाला. "पलंगापाशी. नळाचं पाणी, त्यात बर्फ. हात घालायची, ओरडायची, परत घालायची. शेवटच्या आठवड्यापर्यंत."

"कशाला?"

"तुला दाखवायला. ती तुझ्यावर चिडली नव्हती गं. म्हणाली, पास झाल्याशिवाय तिला बोलवायचं नाही."

मी क्लिप हातात घेतली. दोरी भिजून भिजून मऊ झाली होती. मी विचारलं, "जमलं का एकदा तरी?"

"नाही," माधव म्हणाला. "एकदा मी खोटंच म्हटलं, लागली, लागली. तिने क्लिप ओढून पाहिली आणि मला खोलीबाहेर काढलं."