डल्सी पेंगेलीच्या नावाची पाटी

आमच्या यारनबीकडे माणूस तोंडावरून नंतर ओळखला जातो, आधी गाडीच्या पाटीवरून. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना खारट झुडपं, आणि लांबून लाल धुळीचा लोट उठत येतो. लोट जवळ आला की समोरचा डोळे बारीक करून नंबर वाचतो आणि स्टिअरिंगवरचं एक बोट वर करतो. एवढाच नमस्कार. थांबून बोलायचं ते कोणी मेलं असेल तरच.

डल्सी पेंगेलीला चौतीस वर्षं जी बोटं वर झाली, ती सगळी तिच्या भावाच्या नंबराला झाली. लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घालत ती या मळ्यावरून त्या मळ्यावर फिरली. चाळीस माणसांचं मटण, चाळीस माणसांचा पाव, दिवसातून पाच वेळा. भांडी तिची, हात तिचे, पेट्रोल तिचं. गाडी तेवढी क्लेमची. बापानं मरताना पहिली गाडी धाकट्या क्लेमच्या नावावर केली, कारण तो मुलगा. पुढे गाड्या बदलल्या, कागदावरचं नाव बदललं नाही. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बरीच वर्षं डल्सीलाही वाटलं नाही.

साठी उलटल्यावर तिच्या गुडघ्यांनी चुलीसमोर उभं राहायचं नाकारलं. त्याच साली टपालाची फेरी मोकळी झाली. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा मळे, तीनशे दहा किलोमीटर. पत्रं, पाव, औषधं, कधी एखादा पाण्याचा पंप. डल्सीनं अर्ज केला. तो मंजूर होऊन आला तेव्हा त्यात एकच चौकट रिकामी राहिली होती: ठेकेदाराच्या स्वतःच्या नावे नोंदलेल्या वाहनाचा क्रमांक.

पोस्टातली थेल्मा चष्म्यावरून बघत म्हणाली, "येत्या मंगळवारी सकाळी सहाला ही चौकट भरलेली पाहिजे, डल्सी. नाही तर फेरी यादीतल्या दुसऱ्या माणसाला जाईल."

"दुसरा कोण?"

"मुलिन्सचा थोरला."

"त्याला मळे विचारत विचारत शोधावे लागतील," डल्सी म्हणाली. "आणि अर्धा पाव वाटेतच फस्त करेल तो."

गाडी तिनं घेतलीच होती. पांढरी पिकअप, राज्याच्या हद्दीपलीकडच्या एका द्राक्षवाल्याकडून. विकताना त्यानं त्याच्या राज्याच्या पाट्या काढून जमा केल्या होत्या, नियमच तसा. पिकअप ट्रकवर लादून आली आणि डल्सीच्या अंगणात मिरीच्या झाडाखाली उभी राहिली, पुढूनही बोडकी, मागूनही बोडकी. आता ती आपल्या राज्यात घ्यायची म्हणजे दोनशे चौदा किलोमीटरवर डॅलबर्नला न्यायची. तिथे पासिंग झालं की निळी चिठ्ठी मिळते. विम्याची हिरवी चिठ्ठी तिनं आधीच काढून ठेवली होती. निळी आणि हिरवी एकत्र ठेवली की नोंदणीच्या ऑफिसात नाव चढतं आणि पाट्या हातात पडतात. आणि बिनपाटीची गाडी तिथवर चालवत न्यायला एका दिवसाचा परवाना लागतो. तो टपालानं आला होता, त्यावर लिहिलं होतं: शुक्रवार, फक्त जवळच्या रस्त्यानं, तपासणीला आणि परत. डल्सीनं सगळे कागद बिस्किटांच्या डब्यात ठेवले आणि डबा पुढच्या सीटवर.

शुक्रवारी सकाळी क्लेम चहा ओतून घेत म्हणाला, "एवढा खटाटोप कशाला, बाई? माझी गाडी इंजिन बसून गोठ्यात पडलीये. तिच्या पाट्या काढ, हिला लाव. आणखी चार महिने चालतात त्या. तोवर बघू."

आमच्याकडे हे सगळेच करतात. पाटी म्हणजे टोपीसारखी, जो बाहेर निघेल त्याच्या डोक्यावर. मळ्यातल्या मळ्यात फिरणाऱ्या गाडीला पाटी लागतच नाही, आणि गावात यायचं झालं की दुसरीची काढून हिला लावायची. क्लेमनं मुदत संपलेल्या पाट्या तर लोकर कातरायच्या पडवीच्या भिंतीवर ओळीनं ठोकून ठेवल्या आहेत, जशा कोणाच्या घरी घड्याळं असतात.

"त्या पाट्या तुझ्या गाडीच्या," डल्सी म्हणाली.

"मग मी काय परका आहे?"

"तू परका नाहीस रे. गाडी परकी आहे. ही माझी आहे."

"चौतीस वर्षं माझ्या नंबरावर फिरलीस तेव्हा टोचला नाही तो. आता एकदम शिंगं फुटली?"

"शिंगं होतीच. टोपीखाली होती."

क्लेम हसला नाही. चहाचा कप तसाच ठेवून बाहेर गेला. डल्सीला वाटलं, कोंबड्यांकडे गेला असेल. तिनं थर्मास भरला, खारवलेल्या मटणाचे सँडविच कागदात बांधले, आणि सात वाजता निघाली.

पहिलं फाटक अठरा किलोमीटरवर. उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी आत घ्यायची, परत उतरून लावायचं. फाटक उघडून ती गाडीकडे वळली आणि जागच्या जागी थांबली. गाडीच्या नाकावर क्लेमचा नंबर होता. तीच पाटी, उजव्या कोपऱ्यात मेंढ्याच्या धडकेनं पोचा आलेली. मागे जाऊन पाहिलं, तिथेही.

वारा नव्हता. कुठेतरी कुंपणावर गुलाबी काकाकुव्यांचा एक थवा भांडत होता. डल्सी बराच वेळ त्या पाटीकडे बघत राहिली. कोणी बघणारं नव्हतं. ती तशीच पुढे गेली असती तर रस्त्यावरच्या प्रत्येकानं बोट वर केलं असतं.

तिनं सँडविच कापायची सुरी काढली. पुढचे दोन स्क्रू सुरीच्या टोकानं सहज निघाले. मागच्या पाटीला मात्र क्लेमनं पडवीतला लांब स्क्रू मारला होता, कुंपणाच्या खांबाला मारतात तसला. सुरीचं टोक वाकलं. ती गुडघ्यांवर बसली, गुडघ्यांनी शिव्या दिल्या, तिनं परत दिल्या. अर्ध्या तासानं स्क्रू बाहेर आला. त्याच्या टोकाला लाल प्लास्टिकचा बारीक केस चिकटला होता. तिनं तो पाहिला आणि तेव्हा त्याचा विचार केला नाही. पाट्या पिठाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळल्या, स्क्रू एप्रनच्या खिशात टाकला, फाटक लावलं.

डांबरी रस्त्याला लागताना पोलिसांची गाडी उभी होती. रॉस टॅगार्ट, नवा शिपाई, वर्षभरापूर्वी आलेला. त्यानं हात आडवा केला.

"डल्सीबाई? मला वाटलं कोणी चोरून चालवलीये. पाट्या कुठायत?"

"अजून जन्मायच्या आहेत." तिनं बिस्किटांचा डबा उघडला.

रॉसनं परवाना वाचला, तारीख बघितली, गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या बाजूला खाली वाकला. "इथे ताजी भोकं दिसतायत."

"आहेत."

तो सरळ उभा राहिला. "क्लेमरावांचा नंबर असता ना, तर मी बोट वर करून चहा पीत बसलो असतो. तुम्हाला थांबवलंही नसतं."

"माहीत आहे मला. म्हणूनच काढला."

"आणि थांबवलं असतं तर हा परवाना कुचकामी. यात बिनपाटीची गाडी लिहिलीये."

"तेही माहीत आहे. वाचता येतं मला. आता तो कागद दे, चार तासांचा रस्ता आहे आणि मी तासभर सुरीनं स्क्रू काढण्यात घालवलाय."

अर्धा तास झाला होता, पण डल्सी आपल्या कष्टांचा हिशोब नेहमी वरच्या बाजूला धरायची.

डॅलबर्नला पोचेपर्यंत दुपार झाली. पुढे आणखी पाच गाड्या होत्या. पासिंगचं गॅरेज कोस्टास नावाच्या ग्रीक माणसाचं. मोठ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, कारण संध्याकाळी त्याच्या भाचीचा साखरपुडा होता. डल्सीची पाळी आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. ब्रेक पास. टायर पास. इंडिकेटर पास. मग तो मागे गेला, टेललाइट लावायला सांगितले आणि डोकं हलवलं.

"फेल."

"कशात?"

"नंबर प्लेटवरचा दिवा लागत नाही. पाटीवर उजेड पाहिजे, बाई."

"पाटीच नाहीये अजून!"

"पाटी नसली तरी दिवा पाहिजे. मी नाही केले नियम. सोमवारी या, वायर बघून देतो."

"सोमवारी माझ्याकडे परवाना नाही. नवा यायला आठवडा जातो. मंगळवारी सहाला मला नंबर पाहिजे."

"बाई, चारला मी बंद करतो. तिकडे पन्नास माणसं माझी वाट बघतायत."

"माझी कोणी बघत नाहीये," डल्सी म्हणाली, "म्हणून तर मला उशीर चालत नाही."

तिनं एप्रनच्या खिशात हात घातला. लांब स्क्रू हाताला लागला, आणि त्याच्या टोकाचा तो लाल केस, वायरीवरच्या प्लास्टिकचा. तिला सगळं समजलं. वायर कुठे तुटली, कोणी तोडली, कुठल्या भोकातून. तिनं क्लेमचं नाव घेतलं नाही. परक्या गावात भावाला नावं ठेवायची नसतात.

"कात्री आणि चिकटपट्टी दे मला," ती म्हणाली. "आणि जमिनीवर घालायला काहीतरी."

"तुम्ही करणार?"

"चौतीस वर्षं स्वयंपाकाची गाडी कोण दुरुस्त करत होतं? मटण?"

कोस्टासनं घड्याळाकडे बघितलं, मिशीवरून हात फिरवला, आणि चाकं असलेली फळी पायानं तिच्याकडे ढकलली. एकसष्ट वर्षांची डल्सी पेंगेली फळीवर उताणी झाली आणि गाडीखाली गेली. वरून तिचे फक्त बूट दिसत होते. वायर हाताला लागली, भोकाशीच चिरलेली. तिनं दोन्ही टोकं सोलली, बोटांनी पीळ दिला, पट्टी गुंडाळली. एकदा दिवा लागला आणि विझला. आतून एक शब्द आला, जो टोळीतल्या माणसांनी तिच्याकडूनच शिकला होता. तिनं पीळ सोडला, नव्यानं घातला. दिवा लागला आणि लागून राहिला.

कोस्टास वाकून बघत होता. इस्त्रीच्या शर्टाला एक काळा डाग पडला होता. "चार वाजून सहा मिनिटं," तो म्हणाला आणि निळी चिठ्ठी लिहू लागला. "बाई, नोकरी पाहिजे असेल तर सांगा."

"आहे मला. मंगळवारपासून."

नोंदणीचं ऑफिस साडेचारला बंद होतं. खिडकीतल्या बाईनं दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, परवाना घेतला, यंत्रावर टकटक केलं.

"पेंगेली. यारनबी. हो, आहे नाव. क्लेमंट पेंगेली?"

"नाही."

"इथे तर क्लेमंटच आहे, पहिल्यापासून."

"तो माझा भाऊ. तुम्ही नवं नाव घाला. डल्सी. डल्सी रोझ पेंगेली." तिनं आपलं नाव अक्षर अक्षर सांगितलं, सावकाश, जणू खिडकीतल्या बाईला नाही, आणखी कोणाला सांगतेय. बाईनं ते लिहिलं आणि पाकिटातून दोन पाट्या काढून पुढे सरकवल्या. पिवळ्या, कोऱ्या करकरीत, एकही पोचा नसलेल्या.

तिनं त्या फुटपाथजवळच लावल्या, वाकलेल्या सुरीनं. मग थर्मासमधला थंड चहा प्यायली आणि निघाली.

परतीच्या वाटेवर ओळखीच्या चार गाड्या समोरून आल्या. चौघांनी पाटी वाचली आणि सरळ पुढे गेले. पाचव्याला डल्सीनंच आधी बोट वर केलं.

घरी पोचली तेव्हा सूर्य टेकला होता. क्लेम ओट्यावर बसला होता. तो उठला, पिकअपच्या पुढे गेला, मागे गेला, परत येऊन ओट्यावर बसला. डल्सीनं पिठाचं पोतं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वर तो लांब स्क्रू.

"हा वायरीतून गेला होता."

क्लेमनं स्क्रू बोटांत फिरवला. "मला वाटलं, रस्त्यात तुला कोणी अडवू नये."

"अडवलं. मी कागद दाखवला."

क्लेमनं पोत्यातून आपल्या पाट्या बाहेर काढल्या. मग म्हणाला, "आता माझा नंबर बघून लोक बोट कोणाला करणार? मी तर कुठे जात नाही."

"इंजिन दुरुस्त कर," डल्सी म्हणाली, "आणि जात जा. दर वेळी मीच का?"

"भिंतीवर ठोकू का मग?"

"तुझ्या आहेत. तू ठरव. पण चार महिने बाकी आहेत त्यांचे."

मंगळवारी पावणेसहाला पांढरी पिकअप पोस्टासमोर लागली, मागे मळ्यांसाठीच्या पावांच्या टोपल्या. मुलिन्सचा थोरला पायरीवर सिगारेट ओढत होता, उगाच, जाता जाता थांबल्यासारखा. थेल्मानं अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि खिडकीतून बाहेर पाटी बघायला मान लांबवली.

"बघू नको," डल्सी म्हणाली. "मी सांगते. आर, व्ही, के, चार, एक, नऊ."

थेल्मानं चौकट भरली. डल्सीनं टपालाचं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं, गुडघे करकरले, आणि ती पायऱ्या उतरली.

"सरक रे," ती मुलिन्सच्या पोराला म्हणाली. "पाव गरम आहेत."