पाय हळू ओढायचा असतो

नातीच्या पायांचं सगळं माझी बायको बघायची. नात नऊ वर्षांची. डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत. मुलगा-सून सकाळीच देवासला कारखान्यात जातात. बायको रोज दोनदा पोरीला चटईवर निजवून पाय ताणायची. मी इथेच गावात, देवास गेटच्या चौकात सायकली दुरुस्त करायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, विचारलंही नाही कधी.

बायको गेली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं, पण पोरीच्या पायांना कोणी हात लावला नाही. पाय आखडले. चौदाव्या दिवशी मी बसलो. जाम झालेला नट सोडवावा तसा झटका दिला. ती किंचाळली. मग रोजचंच झालं. ती रडायची, मी ओरडायचो. दिवसभर घरात दोघंच. ती उठून जाऊ शकत नाही आणि तिला सोडून मी जाऊ शकत नाही.

ऑपरेशनचं आधीपासून चाललं होतं. कमरेतून पायांकडे जाणाऱ्या नसांचे काही धागे कापायचे, म्हणजे ताण कमी होतो. मुलाने छुट्टी घेतली. नानाखेड्याच्या स्टँडवरून बस धरून तिघं इंदूरला गेलो.

डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिले. म्हणाले, "एक्सरसाइज किसने छोड़ दी?"

मुलाने आई गेल्याचं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"दादाजी, ऑपरेशन मी करीन. पण आज ही ज्या ताठरपणाच्या जोरावर, धरून का होईना, उभी राहते, तोच जाणार. पुढे वर्षभर रोज मेहनत झाली नाही, तर आहे तेवढंही उभं राहणं जाईल. कौन करेगा?"

"मी," म्हणालो. दुसरं होतं कोण?

"करके दिखाइए. तभी तारीख दूँगा."

मी घोटा धरला. पाय लाकूड झाला.

"झटका नको. जोरात ओढाल तेवढा तो उलटा आवळेल."

पोरगी म्हणाली, "आबा, आजी पाय ताणायच्या आधी चुगल्या सांगायची. शेजारणीच्या."

डॉक्टर हसले. "तो आप भी कीजिए चुगली."

मला कुठे येतात चुगल्या? बायकोचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. पण तोंडात तीच आली. "तुझ्या आजीला मी सायकल शिकवायला नेली. नदीवर राम घाटाच्या उतारावर तिने ती सरळ पूजा सांगणाऱ्या पंड्याच्या छत्रीत घातली. आणि वर त्यालाच म्हणते, रस्त्यात छत्री लावतात का?"

पोरगी खदखदून हसली. मी धरूनच होतो. पाय हळूहळू, बोटभर, मग आणखी थोडा सैल झाला.

डॉक्टरांनी तारीख लिहून दिली.

परतताना बसमध्ये पोरगी म्हणाली, "उद्या दुसरी गोष्ट हं, आबा. हीच नको."

बायकोच्या मागोमाग आपणही सुटू, एवढंच मनात धरून बसलो होतो. आता वर्षभर मरायची सोय नाही. आणि रोज दोनदा तिच्याबद्दल बोलायचं. मुलाने पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हणालो आणि खिडकीकडे तोंड केलं.