तेलात उतरलेलं पेट्रोल

टाउनो हापोयाला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस यायची, आणि ती लपवावी असं त्याला कधी वाटलं नाही. मशीनची कॉफी, उन्हाळ्यात तळ्याकाठी येऊन सल्ले वाटणारे शहरी लोक, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे गाडीच्या संगणकाने दिलेला बिघाडाचा कोड नुसता वाचून पार्ट बदलणारे मेकॅनिक. कायानी शहराला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. साठी उलटली होती, लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता. गिऱ्हाईक दारात आलं की आधी नाक मुरडायचं, मग बॉनेट उघडायचं, अशी त्याची रीत. तरी लोक यायचे, कारण काम चोख होतं.

त्या रविवारी बाहेर उणे पंचवीस अंश होतं. एरवी रविवारी तो कुणासाठी शटर उघडत नसे. पण दारात थोरली बहीण रायली उभी होती, आणि तिच्या गाडीत इंजिनच्या बिघाडाचा पिवळा दिवा लागला होता.

"तो दिवा तेवढा विझव," ती म्हणाली. "मला आईकडे निघायचंय."

आई म्हणजे औने. सत्तर किलोमीटरवर कायानीच्या वृद्धाश्रमात होती. टाउनो तिथे एकदाच गेला होता, मागच्या शरदात. उकडलेले बटाटे, फिनेल आणि ओल्या चादरी यांचा मिळून एक वास नाकात शिरला. कोणीतरी परकी मुलगी आईच्या हनुवटीवरची लाळ पुसत होती. तो तसाच बाहेर आला आणि पार्किंगमध्ये ओकला. तेव्हापासून रविवार रायलीचा. सकाळी तिची गाडी गॅरेजवरून जाताना दिसायची. संध्याकाळी परतताना ती थांबायची, वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवत सांगायची, "आई विचारत होती, टाउनो कानटोपी घालतो का म्हणून." त्या एका निरोपावर त्याचा आठवडा निघायचा. कानटोपीही तो घालायचा.

"दिवा विझवायला मी काय पुजारी आहे?" तो म्हणाला आणि टॅब्लेटची वायर गाडीला जोडली.

कोड सरळ होता: मिश्रणात पेट्रोल जास्त. हाच कोड वाचून शहरातल्या एका चकचकीत गॅरेजने मागच्या महिन्यात धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून दिला होता, आणि आता पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलू म्हणत होते.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," टाउनो थुंकला. "पोराला ताप आला तर हे थर्मामीटर बदलतील. गाढवं साली."

"तू सुरू कर आता," रायली स्टुलावर बसत म्हणाली. "मला उशीर होतोय."

त्याने इंजिन चालू केलं. गार असताना आकडे शहाण्यासारखे होते. इंजिन तापत गेलं तसा एक आकडा शून्याच्या खाली घसरू लागला. इंजिनचा मेंदू धूर हुंगत असतो आणि आमटीत मीठ कमी-जास्त करावं तसं पेट्रोल कमी-जास्त करत असतो. आता तो म्हणत होता, मी चोवीस टक्के हात आखडला, तरी पेट्रोल जास्तच होतंय. म्हणजे कुठून तरी न मोजलेलं पेट्रोल आत येत होतं. पण कुठून? इंजेक्टर गळत असते तर इंजिन बंद केल्यावर पेट्रोलचा दाब उतरला असता. त्याने इंजिन बंद करून बघितलं, दाब तसूभर हलला नाही.

मग त्याने तेल बघायची पट्टी उपसली. तेल खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं. वास्तविक गाडी चालेल तसं तेल घटतं. इथे वाढलं होतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि भपकारा पेट्रोलचा. तेलावरची वाफ ज्या नळीने इंजिनात परत जाते ती त्याने काढली, तोंडाला बूच मारलं आणि इंजिन पुन्हा चालू केलं. आकडा हळूहळू वर आला आणि शून्याजवळ जाऊन बसला.

गाडीत काही बिघडलंच नव्हतं. तेलात पेट्रोल उतरलं होतं, तेच वाफ होऊन इंजिनात जात होतं. आणि तेलात एवढं पेट्रोल कधी उतरतं, हे टाउनोला पक्कं ठाऊक होतं. त्याने किलोमीटरचा आकडा बघितलासुद्धा नाही.

"रायली, ही गाडी कायानीला जाते?"

"म्हणजे काय? दर रविवारी जाते."

"खोटं बोलतेस."

"असं तुझं यंत्र सांगतं होय? उद्या माझं वजनही सांगेल."

त्याने पट्टी तिच्या नाकाखाली धरली. "हे हुंग."

"शी! बाजूला कर ते!"

"सत्तर किलोमीटर जाऊन सत्तर परत आलेल्या इंजिनच्या तेलात पेट्रोल राहत नाही. तेल तापतं, पेट्रोल उडून जातं. ही गाडी हिवाळाभर कुठेतरी उभ्या उभ्या घरघरतेय. कुठे उभी करतेस?"

रायली हातमोज्याची बोटं ओढत राहिली. मग म्हणाली, "तळ्याकाठी. जुन्या नाचघराच्या मागे. थर्मास असतो बरोबर. हीटर लावून बसते."

"दर रविवारी?"

"नोव्हेंबरात लाकडाच्या ट्रकने असा बर्फ उडवला, की समोरचं काही दिसेना. गाडी दोनदा गरगर फिरली. थांबल्यावर हात स्टीअरिंगवरून सुटेनात माझे. त्यानंतर त्या रस्त्याला लागवत नाही."

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला? तुला? तू गेला असतास?"

"आणि कानटोपी?"

"आई तेच म्हणाली असती," रायली पुटपुटली. "फोन करते मी तिला. रोज करते."

"आणि तिला काय सांगतेस?"

रायलीने स्टूल मागे सरकवलं.

हिवाळाभर त्याने ज्या निरोपाची वाट बघितली, तो नाचघराच्या मागे बसून रचलेला होता. त्याने डोक्यावरची कानटोपी काढून बाकावर आपटली.

"किळस येते मला तुझी," तो म्हणाला.

"येऊ दे की! तुला कशाची येत नाही?" रायली उसळली. "तू एकदा गेलास आणि ओकून आलास. मी निदान तळ्यापर्यंत तरी जाते!"

त्याने गाडीखाली बादली सरकवली आणि तेल सोडलं. काळं, पातळ तेल धारेने पडत राहिलं. बहिणीला बोल लावायला तोंड उघडावं तर तेच पार्किंग आठवत होतं. तिच्यापेक्षा आपलीच किळस जास्त येण्यासारखी आहे, हे त्याला कळत होतं, आणि कळूनही बरं वाटत नव्हतं.

नवं तेल भरून, नळी परत जोडून त्याने बॉनेट आपटलं. "आता ही लांब पळवायला हवी. चांगली तापेपर्यंत."

"किती लांब?"

"बस आत. मी चालवतो."

रस्ताभर रायलीने एका हाताने दरवाजाची मूठ धरली होती. दुसऱ्या हाताने मांडीवरचा टॅब्लेट सावरत ती मधूनमधून आकडा वाचून दाखवायची. उणे नऊ. उणे पाच. एक लाकडाचा ट्रक समोरून गेला तेव्हा तिने डोळे मिटले. कायानीची वेस आली तेव्हा आकडा शून्याला टेकला होता.

वृद्धाश्रमाचं दार उघडताच तोच वास आला. टाउनो क्षणभर थबकला, मग तोंडाने श्वास घेत आत गेला. जेवणं झाली होती, खोल्याखोल्यांतून म्हातारी माणसं घोरत होती. औने एकटी खुर्चीत ताठ बसली होती. अंगात ठेवणीतला निळा स्वेटर, डोळे तांबारलेले. मान कलंडायची, की ती झटक्याने सरळ करायची.

"रविवारी या आडव्याच होत नाहीत," तिथली मुलगी म्हणाली. "किती सांगितलं तरी."

"आलात?" औनेने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "रायली फोनवर सांगते ना, तुम्ही दोघं दर रविवारी येता, आणि मी मेली झोपलेली असते. उठवत नाही म्हणे तुम्ही मला. मग मी ठरवलं, रविवारचं झोपायचंच नाही."

रायली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बोलण्याच्या श्रमाने औनेच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती मुलगी रुमाल घेऊन पुढे आली, पण टाउनोने तिला हाताने थांबवलं. खिशात होतं ते फडकं काढलं, त्यातला त्यात स्वच्छ कोपरा शोधला आणि आईची हनुवटी पुसली. फडक्याला पेट्रोलचा वास येत होता. औनेने नाक मुरडलं, पण तोंड बाजूला केलं नाही.