पेवात सरळ उतरलेला माणूस

हे मी आजवर कुणाला बोललो न्हाई. बायकोलाबी न्हाई — तिच्या सख्ख्या बहिणीचं त्यात हाय. तुमाला सांगतो, पर माझी कीव करू नका. मला ती पचत न्हाई.

टीव्हीवर तो कार्यक्रम असतो ना — संकटात माणूस कसा तगतो ते दाखवायचा? ते लोक केजकडून जीप घेऊन आमच्या गावात आलते. माझ्या अंगणात अजून पेव हाय म्हणून. पेव म्हंजे जमिनीतला धान्याचा खड्डा, तोंड बारकं, पोट मोठं. दुष्काळातबी आमी ज्वारीसाठी कुणाच्या दारात गेलो न्हाई. त्याचा मला माज हाय. असू द्या.

टीव्हीत मी झाकण सारलं अन् दोर धरून सरळ आत. पोतं घेऊनच वर. पार गेवराईपर्यंत लोक वळखाया लागले. मांजरसुंब्याच्या धाब्यावर चहा फुकट. कुणाला गोड वाटणार न्हाई?

माझा साडू ज्ञानोबा. त्यानं ते बघून हौसेनं नवं पेव खांदलं, भरलं. फोनवर म्हणला, "साडभाऊ, तुमीच एकटे मर्द व्हय? बघाच आता!" उन्हाळ्यात झाकण काढलं अन् तसाच उतरला. वर काढला तवा जीव नव्हता.

कोंडलेलं पेव माणूस मारतं, आत वाईट हवा साठती, तिच्यात दिवाबी विझतो. आताच्या लोकांना हे ठाऊक न्हाई, पेवंच कुठं राहिलीत? माझं पेव शूटिंगच्या आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं, झाकण नुसतं दाखवायपुरतं परत ठेवलं. कंदील आत सोडला, विझला न्हाई, मगच मी उतरायला तयार झालो. टीव्हीवाले म्हणले, हे दाखवलं तर मजा जाती. मी गप बसलो. त्यांच्यावर ढकलू? तोंड तर माझं होतं.

अन् एवढंच असतं तर — न्हाई, खरं पुढं हाय.

मयतीला लोकांनी विचारलं, तुमी बी असंच उतरलते, मग ह्यो कसा गेला? तवा तरी कंदिलाचं सांगायचं होतं. मी काय म्हणलो? "त्याची छातीच कच्ची. पेव म्हंजे खेळ न्हाई." मेहुणी ऐकत होती. तिनं ते खरं धरलं. परवा त्याचा लेक मला म्हणला, "आमचा बापच कच्चा निघाला, काका." मी मान हलवली. हलवली!

उद्या जाऊन त्या दोघांना सांगणार हाय. दार लावलं तर लावू द्या.

ज्ञानोबाची छाती धड होती. ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन माळवदावर चढायचा अन् वरून मला हसायचा. त्याच्या मयतीत मी खोटं बोललो.