हंसायाडीच्या ओसरीवरचा टीव्ही

घाटंजीच्या पुढे, कापसाच्या वावरांना लागून जो तांडा आहे, तिथं टीव्ही आता घरोघरी आहेत. तरी सिरियलची वेळ झाली की बायका निघतात त्या हंसाबाईच्याच ओसरीकडे. सगळा तांडा तिला हंसायाडी म्हणतो, याडी म्हणजे आई. तिचा टीव्ही मोठा आहे, हे एक झालं. पोरगा बादल राजूरच्या कोळसा खाणीत लागला आणि दिवाळीला भिंतभर टीव्ही घेऊन आला. पण बायका येतात त्या टीव्हीसाठी नाही. सिरियल हिंदी, त्यातली माणसं बोलणार भरभर, म्हाताऱ्यांना निम्मं कळणार नाही. म्हणून हंसाबाई टीव्हीचा आवाजच बंद करते आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः गोरबोलीत, तांड्याच्या बंजारा बोलीत, बोलते. सासू बोलायला लागली की हिचा गळा तुपात बुडतो. सून रडली की हिचं नाक वाहतं. डॉक्टर आला की ती घाईघाईत थोडं इंग्रजी खोकते. आणि बघावं तर मुंबईच्या बंगल्यातली ती दागिन्यांची सासू सुनेला विचारत असते, तुरीच्या शेंगा कोण तोडंन, तुहा बाप?

ही कला तिची जुनीच. नवी नवरी होती तेव्हा कापूस वेचताना धुऱ्याआड, बांधामागं बसून ती मुकादमाचा आवाज काढायची, 'चला, जेवाले बसा', की सगळ्या बाया सावलीत. मुकादम यायचा, बसलेल्या बायांकडे बघायचा, आणि म्हटलं असेल आपणच, असं समजून स्वतःही डबा उघडायचा. नवरा किसनसिंग मात्र तिच्या तावडीतून सुटला. त्याचा आवाज काढायचा तर चूप बसावं लागते, असं ती म्हणते.

अशा या भरल्या ओसरीवर एका संध्याकाळी लखीराम आला. लखीराम म्हणजे तांड्याचा कायदा. एकदा कोर्टात साक्ष देऊन आला, तेव्हापासून कायद्याचं काही निघालं की तो गोरबोली सोडून मराठीत येतो, आणि मराठी त्याच्या नाकातून येते.

"भाबी, टीव्हीचं लायसन काढलं का? माह्या बापानं रेडिओचं काढलं होतं, घाटंजीच्या पोस्टातून. वीतभर रेडिओले लायसन, तं या भिंतीएवढ्या टीव्हीले नसंन का? हे ध्यानात घ्या."

मग त्यानं ध्यानात घेण्यासारखं आणखी बरंच सांगितलं. बिनलायसनचा टीव्ही सापडला तर ज्याच्या नावानं बिल, त्याच्यावर केस. वर गावाला दाखवत बसलं तर ते वेगळंच. टीव्हीचं बिल तर बादलच्या नावाचं होतं. नात अंजूनं तिथंच मोबाईलवर शोधून सांगितलं की असलं लायसन आता नसतंच, तर लखीराम म्हणाला, मोबाईलवर काय, कोणीबी काहीबी लिहिते.

हंसाबाईनं वायर काढली आणि टीव्हीवर गोधडी टाकली. बायका सवयीनं यायच्या, गोधडीकडे बघत बसायच्या, सोयाबीनचं बोलून उठून जायच्या. हंसाबाईला करमेना. तिनं किसनसिंगशी गप्पा मारून पाहिल्या. तो 'हं' म्हणाला.

बाजाराच्या दिवशी ती भाजी घेण्याआधी पोस्टात शिरली. खिडकीपाशी सदाशिवराव होते. हा माणूस प्रत्येक वाक्य 'तसं पाह्यलं तर' पासून सुरू करतो आणि मधेच चष्मा काढून पुन्हा लावतो, जणू शब्द चष्म्यातून दिसतात. तसं पाह्यलं तर, ते म्हणाले, लायसन होतं. आधी रेडिओचं, मग टीव्हीचंही, आणि पोस्टातूनच मिळायचं. पण सरकारनं ते बंद केलं त्याला चाळीसेक वर्षं झाली, ते स्वतः नोकरीला लागायच्याही आधी. घरात टीव्ही पाहायला आता कसलंच लायसन लागत नाही. डिशचा रिचार्ज तेवढा मारायचा. शेजारच्या बाया येऊन बसतात, त्याचं काय, असं तिनं विचारलं. तिकीट लावता का, त्यांनी विचारलं. उलट चहाच माह्या घरचा जाते, ती म्हणाली.

"मंग लायसन लागत नाई, असं एक लायसन द्या न," हंसाबाई म्हणाली.

सदाशिवरावांनी चष्मा काढला. "बाई, जे नाईच, त्याचं काय देऊ?"

रिकाम्या हातानं ती जीपमध्ये बसली आणि वाटेत पुटपुटत राहिली. पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं, मागं कोण साहेब बसलाय म्हणून.

संध्याकाळी बायका जमल्या. लखीरामही आला आणि कागद कुठाय म्हणाला. हंसाबाई ताठ बसली. नसलेला चष्मा काढला, लावला, आणि 'तसं पाह्यलं तर' म्हणून पोस्टातलं सगळं जसंच्या तसं ऐकवलं, खाकरण्यासकट. लखीराम पगाराच्या दिवसांत भावाची मनीऑर्डर घ्यायला कितीदा त्या खिडकीशी उभा राहिलेला.

"सदाशिवराव," तो हळूच म्हणाला.

पण तो गेला नाही. दाराशी गमछा पिळत उभा राहिला, आणि मग नाकातून नाही, साध्या गोरबोलीत बोलला. लायसन लागत नाही हे त्याला मालूम होतं, टीव्ही बंद पडावा म्हणूनच तो तसं बोलला होता. सिरियलमधला तो काका, जो दाराला कान लावून लोकांच्या घरात आग लावतो, त्याला हंसायाडी लखीरामचा आवाज देते. तांड्यातली पोट्टी त्याला रस्त्यात काकाजी म्हणतात.

गोष्ट खरी होती. बायका सगळ्यात जास्त हसायच्या त्या याच आवाजाला, आणि सगळ्यांत जास्त हसायची लखीरामची बायको बिजलीबाई. ती आता बांगड्या बघत बसली.

हंसाबाई ओशाळली, पण थोडीच. दुसरा आवाज त्या काकाला शोभतच नाही, हे तिनं कबूल केलं. मग जरा सरकून जागा केली.

"आव, बेस. त्याचं तूच बोल."

लखीराम नाही नाही म्हणत बसला. गोधडी निघाली, टीव्ही लागला, आवाज बंद झाला. काकानं दाराला कान लावला तसा लखीराम खाकरला आणि बोलू लागला, सावकाश, साक्ष देतात तसा. एकही बाई हसली नाही. बिजलीबाईनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"नाई जमून राह्यलं," ती म्हणाली. "हंसायाडी काढते तो आवाज तुमच्यासारखा वाटते."

लखीराम हंसाबाईकडे वळून म्हणाला, भाबी, एकदा तू म्हणून दाखव बरं, मले पाहू दे कुठं चुकून राह्यलं ते.