वास येईल म्हणून

बडोद्याच्या समा भागातल्या त्या सोसायटीत मराठी घर एकच, शिर्क्यांचं, आणि वैष्णवी शिर्के म्हणजे नाकानं संसार करणारी बाई. लिफ्टमध्ये कोण काय खाऊन आलंय, ते तिला न सांगता कळायचं. हे नाक काही तिनं माहेराहून आणलं नव्हतं. दांडिया बाजारातल्या सासरी दर रविवारी मटण शिजायचं आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. घराणंच गायकवाडांच्या फौजेतलं, तिथे काय लपवायचं? पण मुलीच्या शाळेसाठी समात फ्लॅट घेतला, तेव्हा चेअरमननी हसत हसत विचारलं, तुम्ही लोक खाता का? वैष्णवीनं ठोकून दिलं, छे हो, आमच्याकडे कधीच नाही. त्या दिवसापासून घरात अंडंसुद्धा आलं नाही.

तरी शेजारच्या जागृतीबेनचा संशय काही फिटेना. नुसता कांदा परतला तरी त्यांचं दार किलकिलं व्हायचं. मग वैष्णवीला सवयच लागली. फोडणी टाकायची, खिडकी लाव. नवऱ्याचा आवाज चढला, खिडकी लाव. असं करत करत तिनं चार बायकांत मान मिळवला. नवरात्रात आरतीचं ताट तिच्या हाती येऊ लागलं. हे कमावलेलं जपायला नको?

पण लेक अवनी शिकायला पुण्याला गेली आणि धैर्यशीलचं, म्हणजे वैष्णवीच्या नवऱ्याचं, काहीतरी बिनसलं. मकरपुऱ्याच्या कारखान्यातला हा सुपरवायझर, पहाडासारखा गडी, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. जेवायला बसला की अर्धी भाकरी टाकून उठायचा. दिवसभर चहा आणि चहाबरोबर खाखरा. हातापायांना मुंग्या येतात म्हणायचा. वैष्णवीला वाटलं, नाटकं आहेत. एका संध्याकाळी तर ताटावर बसल्या बसल्या त्याला हुंदकाच फुटला. वैष्णवी झटकन उठली, खिडकी लावली आणि मग त्याला पाणी दिलं. जागृतीबेननी ऐकलं असतं तर केवढी शोभा झाली असती! पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही.

आणि मग, कसं कोण जाणे, गडी सुधारायला लागला. बायकोला आनंद व्हायला हवा होता, पण वैष्णवीच्या मनात पाल चुकचुकली. याला हल्ली घरी यायला उशीर व्हायचा आणि आला की तोंडाला वरियाळीचा, म्हणजे बडीशेपेचा, भपकारा. कारखान्यातून कोण वरियाळी चघळत येतं? आधी तिला दारूची शंका आली. गुजरातेत दारूबंदी आहे हे तिला ठाऊक होतं आणि ती किती पाळतात तेही. पण पाऊल सरळ, बोलणं सरळ. मग तिनं धुवायला टाकलेला शर्ट नाकाला लावला. परतलेला कांदा, कोथिंबीर, तेल. म्हणजे बाईच! आणि बाई तर बाई, मेली त्याला रांधून वाढते! ते तिला जास्त झोंबलं. हिच्या हातची अर्धी भाकरी जात नाही आणि तिकडे पोटभर जेवून वर वरियाळी.

एका संध्याकाळी तिनं फोन केला. फतेगंजला आहे, काम आहे, एवढं बोलून त्यानं ठेवला. वैष्णवीनं तशीच रिक्षा केली. काय बोलायचं ते वाटेतच घोकून ठेवलं. घर मोडलं तर अवनीला काय सांगायचं, तेही.

फतेगंजला लाऱ्यांच्या, म्हणजे हातगाड्यांच्या, रांगेजवळ त्याची स्कूटर दिसली. आणि बाई होतीच. तिनं त्याच्या हातात बशी दिली, तो काहीतरी म्हणाला, ती हसली आणि तोही हसला. अवनी गेल्यापासून वैष्णवीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

तरी ती पुढे झाली. बाईसमोर मोठा तवा होता, बाजूला अंड्यांचे ट्रे, आणि ती सगळ्याच गिऱ्हाइकांना तशाच बश्या देत होती. धैर्यशीलच्या बशीत भुर्जी आणि दोन उकडलेली अंडी.

बायकोला बघून त्याचा चेहरा उतरला. भूक लागली होती, म्हणाला. वैष्णवी हलली नाही, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. तो इथल्या एका डॉक्टरकडे येत होता, मनाच्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह फार खाली गेलेलं निघालं. इंजेक्शनं चालू होती, उदासीच्या गोळ्या चालू होत्या. नुसतं खाऊन हा आजार जात नाही, पण चहा-खाखऱ्यावर मनही उभं राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वेळा नीट जेवा, दूध, डाळी घ्या, चालत असतील तर अंडी खा.

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

धैर्यशीलनं बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी रडलो, तेव्हा तू आधी खिडकी लावलीस. पाणी मग दिलंस."

अहो, ते तुमच्याच अब्रूसाठी, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ते तिचं तिलाच खोटं वाटलं. तिला भयंकर लाज वाटली. अख्ख्या इमारतीचे वास ओळखणारी बाई, आणि घरातला माणूस आतून वाळत चाललाय ते तिला कळू नये!

बशीतलं संपवा आधी, म्हणाली. मग शेजारच्या दुकानातून तिनं अंडी घेतली. घरी नको, वास येईल, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि स्कूटरवर मागे बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सासरच्या पद्धतीचा अंड्यांचा रस्सा केला, काळा मसाला घालून, कांदा चांगला करपवून. सवयीनं हात खिडकीकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. रश्शाला उकळी फुटली. धैर्यशील पहिला घास घेतो न घेतो तोच बेल वाजली. दाराबाहेर जागृतीबेनचा आवाज होता आणि आणखी कुणाचातरी.

त्यानं घाबरून ताट मागे सरकवलं आणि तो उठायला लागला.

वैष्णवीनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. "तुम्ही जेवा," ती म्हणाली. त्याच्या ताटात आणखी एक अंडं वाढलं, पदराला हात पुसले आणि दार उघडायला गेली.