डोकं कुणी धरायचं

मावशीनं तो कागद धुलाईघरात बसून भरला, आणि तिथंच घोटाळा झाला.

रुग्णालयाच्या तळघरात चार मोठी यंत्रं, इस्त्रीचे दोन रूळ आणि दिवसभर वाफ. एकतीस वर्षं मावशी तिथं चादरींच्या घड्या घालत होती. हाताशी पेन होतं ते चादरींवर वॉर्डाचे आकडे टाकायचं. जाड टोकाचं. त्याची शाई उकळत्या पाण्यातही जात नाही. चर्चच्या मंडळीनं दिलेल्या कागदावर वर छापलं होतं, ‘माझी आत्मिक वाढ’. खाली वीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे चार चौकोन. देवाशी रोज किती वेळ बोलता? मावशीनं चौकोन तसेच सोडले आणि शेजारी लिहिलं, ‘बोलत नाही. दमते.’ प्रार्थनेनंतर मनाला काय वाटतं? ‘काही नाही.’ शाई मागच्या पानावर उतरली. तिथले प्रश्न वाचताच येईनात. ते तिनं सोडूनच दिले.

“अगं, सगळीकडे शेवटच्या चौकोनात खूण करायची,” चादरीचं दुसरं टोक धरणारी जोडीदारीण म्हणाली. “माझ्या नणंदेनं तसंच केलं. आता थेट तिसऱ्या, सगळ्यात वरच्या टप्प्यात जाणार.”

“तुझी नणंद?”

“हो ना. घरात कुणाशी धड बोलत नाही. देवाशी म्हणे रोज तासभर.”

मावशी हसली. मग चादरींची पुढची थप्पी आली, आणि कागद विसरला गेला. रविवारी तो तसाच जमा झाला.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर दारावर यादी लागली. बाळ, तरुण, प्रौढ असे तीन टप्पे. मावशीचं नाव पहिल्यात होतं, गेल्याच महिन्यात बाप्तिस्मा झालेल्या दोघांच्या मधोमध. मावशीला त्याचं फारसं वाटलं नसतं. बाळ तर बाळ. पण यादीच्या तळाशी एक ओळ होती. अंथरुणाला खिळलेल्यांकडे प्रभुभोजनाची, म्हणजे पाव आणि द्राक्षरसाची, डबी यापुढे फक्त तिसऱ्या टप्प्यातली माणसं नेतील.

ती ओळ मावशीनं दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

नऊ वर्षं दर रविवारी चार वाजता ती डबी घेऊन एकाच घरी जात होती. मास्तरीणबाईंकडे.

मास्तरीणबाईंनी तिला सहाव्या वर्षी चर्चमधल्या रविवारच्या वर्गात बायबलची वचनं पाठ करायला शिकवली. तेव्हा मावशी धडाधड म्हणून दाखवायची आणि बक्षिसाची रिबीन वेणीला बांधून आठवडाभर मिरवायची. विशीत तिनं तोच लहान मुलांचा वर्ग हातात घेतला. तेव्हा तिला सगळंच ठाऊक होतं. बसमध्ये अनोळखी माणसाशी देवाबद्दल वाद घालून एक थांबा पुढे उतरायची. मग नवरा आजारी पडला. अकरा महिने ती गुडघे टेकून प्रार्थना करत होती. बाराव्या महिन्यात तो गेला. मावशीनं वर्गाच्या किल्ल्या मास्तरीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, “मला आता काही खरं वाटत नाही.”

बाईंनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, “बरं. मग माझ्या खिडक्या पुसायला ये. माझा हात पोचत नाही.”

मावशी वर्षभर खिडक्या पुसत राहिली. बाई खुर्चीत बसून मटार सोलायच्या आणि तावदानावर राहिलेले डाग दाखवायच्या. देवाचा विषय कुणी काढला नाही. पुढे मावशी पुन्हा उपासनेला जायला लागली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्यासारखं मात्र काही झालं नाही. मग बाई पडल्या, आणि डबी न्यायचं काम मावशीकडे आलं.

“मावशी, दुसरा कागद देतो,” मंडळीच्या बैठकीतला कोकरू म्हणाला. तो बँकेत कारकून होता, चौतिशीचा, भरघोस मिशांचा. लहानपणी मावशीच्या वर्गाच्या नाटकात तो हरवलेलं कोकरू झाला होता आणि सापडायच्या आधीच मोठ्यानं रडला होता. नाव तेव्हापासूनचं. टप्प्यांची कल्पनाही त्याचीच. “नीट भरा. साध्या पेनानं. मी आजच बदलतो.”

“नीटच भरलाय.”

“असं कुणी लिहितं का, मावशी?”

“खोटं लिहायलाही जोर लागतो रे. तो कुठून आणू?”

कोकरू ओशाळला. पण नियम त्यानंच केलेला. “मग डबी मला न्यावी लागेल,” तो म्हणाला. “तुम्ही घर दाखवा.”

चार वाजता दोघं निघाले. मावशीचे पाय सुजलेले. चौथ्या मजल्यापर्यंत ती तीनदा थांबली. डबी कोकराच्या हातात होती, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते मावशीला कळेना. तिनं ते पदरात गुंडाळले.

खोलीत पलंग, औषधांचं टेबल, एक खिडकी. बाईंची भाची दार उघडून स्वयंपाकघरात गेली. मावशी खिडकीशी बसली. आज तिचं काम नव्हतं.

“कोण?” बाईंनी विचारलं. त्यांना आता दिसत नव्हतं.

“मंडळीकडून आलोय, बाई.” कोकरानं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज चांगला होता. तीन पानं झाली. दुसऱ्या पानावरच बाई घोरायला लागल्या होत्या. तो थांबला, खाकरला, मग त्यांना हलवून पावाचा तुकडा ओठांपाशी नेला. कोरडाच, आणि चांगला बोटभर. बाईंनी तो घेतला आणि त्यांना ठसका लागला. चेहरा लाल झाला. श्वास अडकला.

“मावशी!” कोकरू ओरडला. आवाज नाटकातल्यासारखाच निघाला.

मावशी उठली. गुडघा कटकन वाजला. तिनं एका हातानं बाईंची मान उचलून पुढे घेतली, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात घालून तुकडा काढला आणि पाठीवर थापट्या दिल्या. ठसका थांबला. मग कणभर पाव तिनं द्राक्षरसात बुडवला, बोटानं दाबून मऊ केला आणि ओठांना लावला.

“बाई, मी आलेय.”

“कुठं होतीस?”

“इथंच. खिडकीत.”

“मग आटप.” बाईंनी हळूहळू गिळलं. त्याला बराच वेळ लागला. मावशीचा मानेखालचा हात भरून आला, पण तिनं तो काढला नाही. “दमलीस?”

“हो.”

“मीपण,” बाई म्हणाल्या. “आमेन म्हण आणि झोपू दे मला.”

मावशीनं आमेन म्हटलं. पलीकडे वही मिटून उभा असलेला कोकरूही म्हणाला, जरा उशिरा.

ठसक्यानं उशाकडची चादर ओली झाली होती. मावशीनं कपाटातून दुसरी काढली. मऊ, धुवून विटलेली.

“मावशी,” कोकरू हळू आवाजात म्हणाला, “मला माहीत नव्हतं. मी बैठकीत सांगतो. नियम बदलायला दोन-तीन महिने जातील, पण—”

“तेवढे बाई आहेत कुठं?” मावशी म्हणाली. चिडून नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

त्यानं वही बगलेत धरली.

“तू आहेस ना तिसऱ्या टप्प्यातला? मग डबी तू धर. डोकं मी धरते. रविवारी चारला ये. वही आणू नकोस.”

“आणि कुणी विचारलं तर?”

“सांग, दोन माणसं लागतात.” तिनं चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. “आता बाईंना तुझ्याकडे वळवायचं. हळू. अरे, ते टोक नाही, आधी कोपरा बघ.”

कोकरू कोपरा शोधू लागला. मावशी पलंगाला टेकून वाट बघत उभी राहिली.